‘सावत्र’वरचा लाल गोल

एका बाईंनी विचारलं आहे. त्यांचा घटस्फोट झालाय, नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याकडे असते आणि शनिवार-रविवार बाबांकडे जाते. बाबांनी दुसरं लग्न केलंय. शाळेत ‘माझे कुटुंब’ हा निबंध होता. मुलीने लिहिलं, ‘माझी सावत्र आई छान पोहे करते.’ वर्गशिक्षिकेने ‘सावत्र’भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘असे लिहू नये.’ बाईंचे प्रश्न तीन: शब्द चुकलाय का, चुकला असेल तर काय लिहायचं, आणि त्यांची स्वतःची आई त्या दुसरीला ‘तुझी सवत’ म्हणते, ते बरोबर का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची किल्ली त्यात आहे. ‘सवत’ चूक. समान पती जिचा ती सपत्नी, प्राकृतात सवत्ती, मराठीत सवत. म्हणजे एकाच वेळी, एकाच पुरुषाच्या, बहुधा एकाच छपराखाली असलेल्या दोन बायका एकमेकींच्या सवती. तुमचा तो नवराच राहिला नाही, तर त्याची बायको तुमची सवत कुठून होणार? आजींना हे व्याकरण सांगून पटेल असं नाही, पण सांगून पाहा.

या शब्दाच्या पोटात भांडण मात्र फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १४५वं सूक्त आहे, त्याला सपत्नीबाधन म्हणतात. एका वनस्पतीच्या बळावर सवतीला दूर घालवायची प्रार्थना आहे ती. त्याहून मौज म्हणजे संस्कृतात ‘सपत्न’ असा पुल्लिंगी शब्द आहे आणि त्याचा अर्थ शत्रू. एरवी पुल्लिंगी शब्दावरून स्त्रीलिंगी होतो. इथे उलटं झालं. आधी सवत, मग तिच्यावरून वैरी. (‘सवता सुभा’तला सवता मात्र यात ओढू नका. तो सवता म्हणजे वेगळा, स्वतंत्र. तिथे कोणाची सवत नाही.)

‘सावत्र’ याच कुळातला, सापत्न या विशेषणाच्या वंशातला. त्यामुळे त्या शिक्षिकेची चिडचिड अगदीच निराधार नाही. वर्तमानपत्रात ‘मराठवाड्याला सापत्न वागणूक’ असा मथळा आला की कोणी अर्थ विचारत नाही. ‘सावत्रपणा’ म्हटलं की पानात कमी वाढलेलं पोर डोळ्यांसमोर येतं. ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची आपण लहानपणीच ऐकलेली असते.

पण एक गोष्ट बघा. आपण ‘सावत्र बाप’ही म्हणतो. आता यात सवत कुठे आहे? आईने दुसरं लग्न केलं, तिला सवत नाही, कोणाला नाही. व्युत्पत्ती काटेकोर धरली तर सावत्र बाप हा शब्दप्रयोगच उभा राहत नाही. तरी तो बिनतक्रार चालतो, कारण बोलणाऱ्यांनी सावत्रची सवतीपासून केव्हाच फारकत करून टाकली आहे. आज ‘सावत्र’ म्हणजे आईच्या किंवा बापाच्या दुसऱ्या लग्नामुळे जोडलं गेलेलं नातं. एवढाच अर्थ. म्हणून माझ्या मते मुलीचा शब्द बरोबर आहे आणि लाल गोल चूक. शब्दाला वास आहे हे खरं. पण शब्दाला वास आहे म्हणून नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या घराचं वर्णन खोटं करावं, हे मला पटत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे सावत्र आईसाठी जे शब्द आहेत ते दोनच घरांतून आलेत. एक, जिथे दोघी एकत्र नांदतात: थोरली आई, धाकटी आई. दुसरं, जिथे पहिली वारली आणि बिजवराने पुन्हा लग्न केलं: नवी आई, दुसरी आई. बायकोच्या पाठच्या बहिणीशीच लग्न करायची चाल होती, तेव्हा मावशीच आई होऊन यायची. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण उच्चारताना हे दुसरं घर आठवतं. इंग्रजीतल्या ‘स्टेप’चंही तेच. जुन्या इंग्रजीत त्याचा संबंध पोरकेपणाशी होता, ‘स्टेपचाइल्ड’ म्हणजे आधी पोरकं मूल. तिथेही शब्द जन्मला तो मरणाच्या पोटी.

पहिली आई हयात आहे, दुसऱ्या गावात किंवा दोन स्टॉप पलीकडे राहते, आणि पालकसभेला दोघी येतात, हे तिसरं घर. याला शब्द कमी पडतात. असं नाही की महाराष्ट्रात नवराबायको पूर्वी वेगळे होत नव्हते. कितीतरी जातींत काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती, बाईला पाट लावता येत होता. पण मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा १९४६चा आणि घटस्फोटाची मोकळीक देणारा १९४७चा. म्हणजे सवतीचं घर कायद्याने बंद झालं आणि वर्षभरात हे तिसरं घर सर्वांना उघडलं. खुद्द ‘घटस्फोट’ हा शब्दही उसना आणलेला: धर्मशास्त्रात तो पतिताला जातीबाहेर टाकण्याचा घडा फोडण्याचा विधी होता. मडकं फुटलं की माणूस मेल्यात जमा. तो शब्द लग्न मोडण्याला चिकटला, आणि मग ‘मेलेली’ पालकसभेला हजर राहते, याची भाषेला सवय व्हायला वेळ लागणारच.

आता काय म्हणावं. ‘नवी आई’ माझ्या मनातून बाद, कारण मग तुम्ही जुन्या ठरता. ‘काकू’ सुरक्षित, पण शेजारणीलाही काकूच. ‘मावशी’ बऱ्याच घरांत चालतं, मुलीच्या तोंडी नावापुढे लावून. त्यात एक गंमत आहे: मावशी म्हणजे मूळ मातृष्वसा, आईची बहीण. म्हणजे बापाच्या बायकोला आपण आईच्या माहेरात नेऊन बसवतो. काही आयांना हे झोंबतं, ‘ती माझी बहीण कधी झाली?’ झोंबत असेल तर सोडून द्या. स्वीडनमध्ये ‘बोनस आई’ म्हणतात, ते मराठीत आणू नये. बोनस म्हटलं की इथे दिवाळी आणि युनियन आठवते. डेन्मार्कात तर बोलीभाषेत ‘पुठ्ठ्याची आई’ असा शब्द आहे. ते ऐकल्यावर सावत्र एकदम सोज्वळ वाटायला लागतं.

शाळेच्या फॉर्मवर नातं लिहायचं असेल तर गुंता नाही: ‘वडिलांची पत्नी’. कायदाही तसाच बोलतो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत ‘आई’ आहे. सावत्र आई तिथे नाही, ती दुसऱ्या वर्गात ‘वडिलांची विधवा’ म्हणून येते. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लागतं, ती आईही जन्म देणारीच. म्हणजे ‘आई’ या रकान्यावर तुमचा हक्क कोणी घेत नाहीये. बायको ‘माजी’ होते, आमदारासारखी. ‘माजी आई’ असं कोणी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

राहिलं तुमचं आणि तिचं नातं. त्याला मराठीत नाव नाही. ती तुम्हाला ‘ताई’ म्हणाली की थोरली-धाकटीची उतरंड मागच्या दाराने आत येते, म्हणून ते टाळलेलं बरं. ‘सहमाता’सारखे घडवलेले शब्द सरकारी परिपत्रकात शोभतील. मला जवळचा वाटतो तो नमुना विहिणीचा. दोघी बायका, एकमेकींना निवडलेल्या नाहीत, नवऱ्यामुळे नव्हे तर लेकरामुळे बांधलेल्या, मानपान सांभाळून ‘अहो’ म्हणणाऱ्या, रुसणाऱ्याही. तुम्हाला विहीण म्हणा असं मी सुचवत नाही. पण आजींनी ‘सवत’ म्हटलं की सांगा, अगं सवत नव्हे, विहिणीच्या जातीचं काहीतरी आहे हे. संस्कृतात मुलाच्या बाजूने मात्र सुंदर सोय आहे. पाणिनीच्या सूत्राने ‘द्वैमातुर’ सिद्ध होतो, दोन आया असलेला. गणपतीचं ते नावच आहे. त्यात सवत नाही, वैर नाही, नुसती मोजदाद.

आणि तो निबंध पुन्हा एकदा वाचा. आपल्याकडे बहुतेक घरांत आई, मावशी, आत्या एकेरीत; लग्नाने आलेल्या काकू, मामी अहो-जाहोत. काकू पोहे ‘करतात’. मुलीने ‘सावत्र’ शब्द गोष्टीच्या पुस्तकातून उचलला असेल, पण क्रियापद तिने स्वतःच्या कानाने लिहिलं: ‘करते’. त्याच्याभोवती बाईंनी गोल काढलेला नाही.