प्रबंध मुलीचा, अर्ज तुमचा

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला निवृत्त माध्यमिक शिक्षक. माझ्या मुलीने (वय ३१, प्राध्यापकपदासाठीची सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण) धालो गीतांवर, म्हणजे पौषात बायका नाचत गातात त्या लोकगीतांवर, मराठीतून पीएचडीचा प्रबंध पूर्ण केला आहे. पुढच्या महिन्यात व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे. नंतर प्रबंध विद्यापीठाच्या खुल्या ऑनलाइन भांडारात आणि शोधगंगा या देशभरच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाणार, असे समजले. सहा वर्षांची मेहनत कोणीही फुकट उतरवून घेईल! एक प्रकाशक चाळीस हजार रुपयांत पुस्तक काढायला तयार आहे, पण प्रबंध नेटवर नसावा अशी त्याची अट आहे. कुलसचिवांना द्यायचा अर्ज मी लिहून ठेवलाय, मुलीची सही तेवढी घ्यायची आहे. हे थांबवता येईल का? आणि आता संशोधन पुरे, सरकारी नोकरीच्या परीक्षा दे, असे तुम्ही तिला सांगाल का?

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलीचं वय, तिची सेट, तिची सहा वर्षं, सगळं त्यात आहे. तिला स्वतःला काय वाटतं, हे मात्र एका ओळीतही नाही. अर्ज तुम्ही लिहिलात, प्रकाशकाशी तुम्ही बोललात, पुढे तिने काय करायचं तेही तुम्हीच ठरवलंत. तिच्या वाट्याला फक्त सही ठेवलीत. मला चोरीपेक्षा याची जास्त काळजी वाटली.

तुमची माया मला दिसते. मुलगी गावोगावच्या मांडांवर, धालो होतात त्या जागांवर, पौषातल्या थंडीत रात्र रात्र बसली, तेव्हा तिला न्यायला-आणायला तुम्हीच गेला असाल. त्या कष्टांचं मोल कोणी चोरू नये, असं तुम्हाला वाटणारच. पण एकतीस वर्षांची बाई, जिने शेकडो गीतं जमवून त्यांचा अर्थ लावला, ती व्हायवाला परीक्षकांसमोर एकटी बसणार आहे. तिच्या प्रबंधाचं पुढे काय करायचं, हे घरी परस्पर ठरत असेल, तर तिथे ती कोणत्या बळावर बोलणार? पालक आणि गाइड यांच्यामध्ये चेपलेली मुलं माझ्याकडे नेहमी येतात. विषय त्यांना उत्तम येतो, पण ‘मला हे हवंय’ एवढं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. तुमच्या मुलीचं तसं होऊ देऊ नका. तो अर्ज आजच बाजूला ठेवा.

आता तुमचा प्रश्न. हे थांबवता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमांपासून पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आहे. २०२२च्या नियमांनुसार तर पदवी जाहीर होण्याआधीच ती प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या आयोगाच्या केंद्राकडे जावी लागते. शोधगंगा हे त्यांचंच भांडार. एखाद्या शोधाचं पेटंट घ्यायचं असेल किंवा प्रकाशकाशी खरोखरचा करार झाला असेल, तर काही काळ मजकूर बंद ठेवण्याची सोय बऱ्याच भांडारांत असते. पण ती मागणी संशोधकाने गाइडमार्फत करायची असते, वडिलांनी नव्हे.

‘नेटवर गेलं म्हणजे चोरीला गेलं’ ही समजूत मात्र सविस्तर खोडून काढायला हवी, कारण खरं तर उलट घडतं. पूर्वी प्रबंधाची बांधीव प्रत ताळगाव पठारावर, विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहायची. तिथून कोणी चार पानं उतरवून घेतली, तर पकडणार कोण? तुलना करायला दुसरी प्रत कुठे असायची? खुल्या भांडारात गेलेल्या प्रबंधावर मुलीचं नाव, गाइडचं नाव, वर्ष आणि कायमचा दुवा असतो. हे काम आधी कोणी केलं, याचा तो सगळ्यांसमोरचा पुरावा. पुढे कोणी त्यातला मजकूर उचलला, तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो याच भांडारांत सापडू शकतो. आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपेक्षा जास्त साम्य सापडलं की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. शिवाय भांडारात प्रबंध ठेवण्याची परवानगी देणं म्हणजे लेखनहक्क देऊन टाकणं नव्हे. १९५७च्या कायद्याने लेखनाचा पहिला हक्क लेखकाचाच असतो. वाचायला दिलं म्हणून मालकी जात नाही.

तुमच्या त्या प्रकाशकाबद्दल स्पष्टच सांगतो. जो लेखकाकडूनच चाळीस हजार घेतो, त्याला वाचकाची गरज नसते. त्याचा धंदा तुमच्या पैशावर आधीच झालेला असतो. चांगला संपादक प्रबंध जसाच्या तसा छापत नाही. पूर्वसंशोधनाचा आढावा काढून टाकायला सांगतो, गीतांची निवड पुन्हा करून घेतो, प्रस्तावना नव्याने लिहून मागतो. असं नव्याने घडलेलं पुस्तक वेगळंच असतं, प्रबंध नेटवर असल्याने ते अडत नाही. त्या गृहस्थाला नकार कळवा.

मुलीने जमवलेल्या गीतांपेक्षा ती गीतं ज्या बायकांकडून आली, त्यांचा विचार मला या विषयात अधिक महत्त्वाचा वाटतो. मांडावर समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहून ज्या गातात, त्यांच्या तोंडून हे धन आलं. चाळीस हजारांच्या पुस्तकाच्या शे-दोनशे प्रती तुमच्या कपाटात राहतील. भांडारातला प्रबंध त्याच बायकांच्या नातीला मोबाइलवर उघडता येईल. काही वर्षांपूर्वी शिगम्यातल्या, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणातल्या, गीतांवर काम करणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्या विषयावरचा जुना प्रबंध एका ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात होता, आणि तो बघायला ती तीनदा खेपा घालून रिकामी परतली होती. शेवटी तिने विषयच बदलला. त्या प्रबंधाच्या लेखकाला काय फायदा झाला? त्याचं नाव पुढच्या पिढीच्या कामात आलंच नाही.

चिंता करायचीच असेल तर ती इथे करा, आणि हे मुलीला जरूर वाचून दाखवा. अनेक मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. छापताना ते सुरेख दिसतात, पण त्या पीडीएफमध्ये ‘धालो’ शोधलं तर शोध रिकामा येतो, कारण संगणकाच्या लेखी तिथे भलतीच अक्षरं असतात. कित्येकदा तर पानांचे नुसते स्कॅन असतात. असा प्रबंध भांडारात असूनही नसल्यासारखाच. तेव्हा सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला अक्षरं ओळखता येतात त्या पद्धतीत, आणून घ्या आणि जोडाक्षरं तपासा. रूपांतरात ‘र’ आणि वेलांट्या हमखास बिघडतात. सारांश मराठीबरोबर इंग्रजीतही द्यावा, आणि शोधासाठी द्यायच्या विषयशब्दांत गावांची नावं घालावीत. गाणाऱ्या बायकांची नावं आणि ध्वनिमुद्रणं खुली करण्याआधी त्यांची संमती घ्यावी. काही गीतं मांडाबाहेर म्हणायची नाहीत, असं त्यांनी सांगितलं असेल, तर ती वगळण्याबद्दल गाइडशी व्हायवाआधीच बोलावं. हे काम कंटाळवाणं आहे, पण सहा वर्षांच्या मेहनतीचं रक्षण याने होईल.

परीक्षांचं : सेट झालेली आहे, प्राध्यापकपदाची जाहिरात आली की अर्ज करावा, आणि तिलाच हवं असेल तर कर्मचारी निवड आयोगाच्या जागाही पाहाव्यात. मी तिला ‘संशोधन पुरे’ असं सांगणार नाही. मुलाखतीत तिला तिच्या कामाबद्दल विचारतील, तेव्हा ते उघडून दाखवता येणं तिच्या फायद्याचंच आहे.

पुढचं पत्र मुलीने लिहावं, अशी माझी विनंती आहे. तोवर एक काम तुम्ही करा. शिक्षक म्हणून आयुष्यभर शुद्धलेखन तपासलंत, युनिकोडमध्ये आलेल्या गीतांच्या प्रती तुमच्यासमोर ठेवायला तिला सांगा. तिने हो म्हटलं, तर लाल पेन घेऊन बसा.