वडिलांना सिरोसिस, काका ठणठणीत, असे का?

प्रश्न : माझे वडील आणि काका वीस वर्षे एकत्र बसून दारू पीत. शेवटी वडिलांच्या पोटात इतके पाणी साठले की पायजम्याची नाडी बांधता येईना. सिरोसिसने ते गेले. काका ठणठणीत आहेत. हा दोष माझ्यात आला असेल का?
एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. वर्षानुवर्षे अतिमद्यपान करणाऱ्यांपैकी साधारण 10 ते 20 टक्क्यांनाच सिरोसिस (यकृतात व्रण पडून ते कडक व निकामी होत जाणे) होतो आणि त्यामागे दारूचे प्रमाण, लठ्ठपणा व हेपॅटायटिस यांच्याबरोबर जनुकांचाही हात असतो. त्यांतले सर्वांत परिचित पीएनपीएलए-3 हे जनुक 22व्या गुणसूत्रावर असून, त्याच्या प्रथिनात 148व्या जागी आयसोल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनीन हे दुसरे अमिनो आम्ल आले की यकृताच्या पेशींतील चरबीचे विघटन अडते आणि ती साठत जाते. आईवडील दोघांकडूनही हा बदल आल्यास सिरोसिसचा धोका आणखी वाढतो. सख्ख्या भावांतही ही वाटणी सारखी होत नाही. तरीही काकांना निर्धोक समजू नका, कारण सिरोसिस बराच काळ लक्षणांवाचून राहतो. त्यांचीही तपासणी करवून घ्या. आपण जनुकचाचणीच्या मागे न लागता दारूला मुळीच शिवू नये, वजन आटोक्यात ठेवावे आणि सोनोग्राफी व यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.