किडा नाही, किड्याची वाट

प्रश्न : पक्ष्यांवरच्या इंग्रजी पुस्तकात तलवार बदकाच्या नराची कूस ‘व्हर्मिक्युलेटेड’ असते असं वाचलं. शब्दकोशात अर्थ मिळाला ‘किडीने पोखरलेले’. धडधाकट बदकाला कीड कशी?

उत्तर : कीड नाही, नक्षी आहे. लिंबाच्या कोवळ्या पानावर नागअळी चंदेरी, वळणावळणाची रेघ ओढत जाते, ती आठवा. तशाच काळ्या, केसाएवढ्या बारीक रेघा पांढुरक्या पिसांवर दाटीने असतात. दुरून त्या मिसळून नुसता राखाडी रंग दिसतो. दुर्बिणीतही बदक जवळ असेल तरच रेघा सुट्या होतात. फोटो फार लहान करून पाठवला की हमखास पुसल्या जातात. चक्रांग या दुसऱ्या बदकाच्या नरावरही त्या असतात. मादीवर शोधू नका, तिची पिसं तपकिरी खवल्यांची. हिवाळ्याच्या सुरुवातीला काही नरही मादीसारखेच दिसतात, कारण विणीचा पिसारा अजून पुरता आलेला नसतो. आणि पट्टे वेगळे : ते ओळीने जातात, या रेघा वाकतात, मध्येच तुटतात.

लॅटिनमध्ये ‘व्हर्मिस’ म्हणजे किडा, ‘व्हर्मिक्युलस’ म्हणजे छोटा किडा. इटालियन शेवयांचं ‘व्हर्मिचेली’ हे नाव त्याच कुळातलं. (जेवताना हा अर्थ कुणाला सांगू नये.) ‘कृमी’ कानाला जवळचा वाटला तरी भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ वेगळं मानतात. कृमीचा खरा भाऊबंद फारसी ‘किर्म’. लाल रंग देणाऱ्या किड्यावरून आलेला आपला ‘किरमिजी’ त्याच घरातला.

गवंडीकामात ‘व्हर्मिक्युलेटेड’ हाच शब्द दगडाला लागतो. पॅरिसच्या १६७४च्या पोर्त सँ-मार्तँ या कमानीचे दगड पाहा. चिऱ्याच्या कडेला सपाट पट्टी राखायची, आत वाकडीतिकडी वळणं आखायची, वळणांमधला दगड छिन्नीने खोल उतरवायचा आणि तळ टोच्याने खडबडीत करायचा. उंच राहिलेल्या वळ्यांची रुंदी सगळीकडे सारखी हवी. ती कमीजास्त झाली की दगड खरोखरच झिजल्यासारखा दिसतो. शिवाय खाचांत काजळी आणि पाणी साचतं, म्हणून असं काम साफ करणं जिकिरीचं.

मराठी प्रतिशब्द हवा असेल तर ‘कृमिरेखित’पेक्षा ‘नागअळीची नक्षी’ बरा. शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.