पहिला कॅमेरा ईएमआयवर घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की फोटो आणि व्हिडिओचा नाद लागलाय, फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा, लेन्सशिवायचा कॅमेरा), २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० या दोन झूम लेन्स असं सगळं एकदम घ्यायचंय, अर्धे पैसे साठवलेले आणि बाकी १८ महिने ईएमआय, टोकनही देऊन झालंय. आणि साठवलेले म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले, हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करतो.

कॅमेरा जरूर घ्या, पण हा सेट नको आणि त्या पैशांना हात तर अजिबात लावू नका. हप्ता चालू असताना नोकरी गेली किंवा घरात कोणी आजारी पडलं तर कॅमेरा विकावा लागेल, आणि घाईत विकलेल्या वस्तूला कधीच बरा भाव येत नाही. बिनव्याजी ईएमआय म्हणत असतील तर रोखीने घेतला तर किती सूट देता ते विचारा, बऱ्याचदा व्याज तिथेच लपलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी वेगळी.

आता मुद्दा असा की बॉडीची किंमत नवीन मॉडेल आलं की उतरते, चांगली लेन्स मात्र नीट ठेवली तर दहा-पंधरा वर्षं आरामात चालते. म्हणून बॉडीपेक्षा माउंटचा (बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी, प्रत्येक कंपनीची वेगळी) विचार जास्त करा. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे, निकॉन झेड आणि कॅनन आरएफ २०१८ चे, तिन्हींमध्ये क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) आणि फुल फ्रेम दोन्ही बॉड्या मिळतात, म्हणजे आज क्रॉप सेन्सरवर सुरुवात केली तरी दारं बंद होत नाहीत. फक्त क्रॉपसाठी बनवलेली लेन्स पुढे फुल फ्रेमवर लावली की सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, तेवढं लक्षात ठेवा.

माझ्या मते एक वापरलेली किंवा साधी क्रॉप बॉडी, सोबत मिळणारी साधी झूम लेन्स, म्हणजे किट लेन्स, आणि जमलं तर एक प्राइम (झूम न होणारी लेन्स) एफ १.८. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ ला येते, १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते, घरातले संध्याकाळचे फोटो तिथेच सुधारतात. पण क्रॉपवर ५० एमएम म्हणजे फुल फ्रेमवरच्या साधारण ७५-८० सारखं, जास्त जवळचं दिसतं, छोट्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही, तिथे ३५ बरी.

मी स्वतः सुरुवातीला मोठी टेलिफोटो (दूरचं जवळ दाखवणारी लेन्स) घेतली होती, पक्षी टिपायचे म्हणून. दोन-चार वेळा बाहेर काढली, मग कपाटात दमट हवेत पडून राहिली आणि काचेवर बुरशी धरली, विकायला गेलो तर कोणी घेईना, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतोय, सहा महिने किट लेन्सवर काढा आणि मग आपल्याच फोटोंची माहिती उघडून बघा, किती एमएमवर जास्त काढलेत. सगळे किट लेन्सच्या सगळ्यात लहान आकड्यालाच (उदाहरणार्थ १८) अडकलेले दिसले तर वाइड लेन्स घ्या, सगळ्यात मोठ्याला (उदाहरणार्थ ५५) तर टेली.

व्हिडिओचा खर्च लोक धरतच नाहीत. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर के शूट केलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे व्ही३० दर्जाचं वेगवान मेमरी कार्ड, जादा बॅटरी, हार्ड डिस्क, आणि माइक तर हवाच, खराब आवाजाचा व्हिडिओ कोणी बघत नाही. त्यामुळे एकूण रकमेतला निम्म्याहून जास्त भाग बॉडीवर घालवू नका.

वापरलेली बॉडी घेताना शटर काउंट (आतापर्यंत किती वेळा शटर उडालंय तो आकडा) विचारा, सेन्सर आणि माउंट नीट बघा, लेन्स उजेडासमोर धरून आतली काच तपासा. आणि टोकन परत मिळतंय का ते आजच फोन करून विचारा, थोडं कापून देत असतील तरी घ्या.