ऑइल रिगवर काम करायचं तर ड्रिलिंगचं प्रत्यक्ष ट्रेनिंग कुठे आणि कसं मिळतं? मेकॅनिकल डिप्लोमा झालाय.

डिप्लोमा चालेल, पण खरं शिक्षण रिग फ्लोअरवरच होतं. सुरुवात बहुतेकदा रूस्टअबाउट (रिगवरचा हरकाम्या कामगार) नाहीतर ट्रेनी म्हणून. पाइप उचला, ग्रीस लावा, मडची (ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवाच्या पावडरची) पोती रिकामी करा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

वर्गातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वेल कंट्रोल, विहिरीतला दाब काबूत ठेवणं. सिम्युलेटरवर बसवतात आणि न सांगता ‘किक’ (जमिनीखालचा वायू किंवा द्रव दाबाने विहिरीत घुसणं) देतात: मड टाकीची पातळी हळूच वाढते, पंप बंद केला तरी विहिरीतून मड येतच राहतं. तुम्ही बीओपी (विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच) बंद करून ड्रिल पाइप आणि केसिंगवरचे (विहिरीला आतून बसवलेल्या पाइपवरचे) दाब लिहून घ्यायचे, त्यावरून किक आवरायला लागणाऱ्या जड मडचं वजन काढायचं. पहिल्यांदा सगळ्यांचेच हात थरथरतात.

ओएनजीसीची ड्रिलिंग संस्था देहरादूनला आहे. आयडब्ल्यूसीएफ (इंटरनॅशनल वेल कंट्रोल फोरम) किंवा तशाच मान्य संस्थेचं वेल कंट्रोल प्रमाणपत्र ड्रिलरला लागतंच, आणि ते दोन वर्षांनी परत काढावं लागतं. मुंबई हायसारख्या समुद्रातल्या रिगवर जायचं तर सर्व्हायव्हल ट्रेनिंगही हवं. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सुरक्षा संस्था आहे.

आणि हो, ‘फी भरा, रिगवर नोकरी पक्की’ म्हणणाऱ्या एजंटांपासून चार हात लांब राहा.