‘बाबाही पावणीत पैसे लावतातच की!’

आयपीएल सुरू झाली की गोव्यात डिचोलीला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास येतं: “मॅडम, रिस्क कुठे नसते?” कधी सट्टा लावणारा स्वतः म्हणतो, कधी त्याची आई विचारते, “याला उत्तर काय द्यायचं हो?”

सत्तरी तालुक्यातला एक तरुण, वय २९, शिफ्टची नोकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तीन हंगामांत सव्वाचार लाख गेलेले, बायकोच्या पाटल्या गहाण. तिनेच आणलं.

पहिल्या भेटीत मी कायदा काढला, ती माझी चूक. गोमंतकीयांना फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळही बंद. तो हसला. “सट्ट्याचा आयडी व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतो, मॅडम.” मग म्हणाला, “आणि बाबा काजूच्या झोनची पावणी घेतात, तो झुगार नाही?” (पावणी म्हणजे काजूच्या बागायतींच्या पट्ट्यांचा लिलाव. बोली जिंकणारा त्या पट्ट्यातली काजूची फळं, म्हणजे बोंडू, घेऊन हुर्राक आणि फेणी ही दारू गाळतो.)

हा प्रश्न मला आवडला. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वळणाची. माणूस स्वतःशी काय बोलतो ते आधी पकडायचं. सातव्या भेटीत पुन्हा त्या प्रश्नावर आलो.

“बाबा बोली कशी ठरवतात?”

“जानेवारीत बागायतीत फिरतात. मोहोर बघतात. आकडा घरी ठरतो, त्याच्या वर एक रुपया नाही.”

“आणि नुकसान झालं तर?”

“एका वर्षी अवकाळी पावसाने मोहोर झडला. पुढच्या पावणीत बाबांनी लहान झोन घेतला.”

मी काही बोलले नाही. तो मोबाइलचं कव्हर काढत-घालत होता. खाली बसस्टँडवर कंडक्टर ‘साखळी, साखळी’ ओरडत होता. मग कव्हर हातातच राहिलं.

“मी हरलो की दुप्पट लावतो. रिकव्हरीला.”

हे वाक्य चौथ्या भेटीपासून माझ्या ओठांवर होतं. सातव्या भेटीत ते त्याच्या तोंडून आलं. पंधरा वर्षांत मला एक गोष्ट बरी जमायला लागलीय, ती म्हणजे गप्प बसणं.

काह्नमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं: पक्का तोटा गिळण्यापेक्षा माणूस आणखी मोठा धोका पत्करतो. बाबा तोटा वहीत लिहून मोकळे होतात. याचा तोटा वहीत कधी चढतच नाही, तो ‘उद्या निघेल’ या खात्यात पडून राहतो. शिवाय पावसाआधी बोंडू वेचणं, झाडाखालचं रान साफ करणं बाबांच्या हातात असतं. पैसे लावल्यावर याच्या हातात उरतो फक्त रिमोट.

मग कागदावर हिशेब केला. दोन्ही संघांचा भाव १.९०, म्हणजे जिंकलं तर रुपयाला एक रुपया नव्वद पैसे परत. दोन्हीकडे हजार-हजार लावले तर दोन हजार गेले. कोणीही जिंको, परत येतात एकोणीसशे. उरलेले शंभर, भाव देणाऱ्या बुकीचे. “अभ्यास करून लावतो” म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे गणित स्वतःच्या हाताने करायला लावते.

गंमत म्हणजे हाच गडी तीन वर्षं सुपरवायझरच्या परीक्षेचा अर्ज भरत नव्हता. नापास झालो तर लोक काय म्हणतील! सट्ट्यातली हार कुणाला दिसत नाही, म्हणून ती त्याला धोका वाटतच नव्हती. घरच्यांनो, “रिस्क घेऊ नको” म्हणण्यापेक्षा कुठली टाळतोय ते विचारा. कर्ज एकदम फेडून टाकू नका. मोकळा हात मिळाला की पुन्हा लावायची ओढ लागते. पगाराचं खातं काही महिने दुसऱ्याच्या नजरेखाली राहू दे. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाल्याची भाषा येत असेल तर थांबू नका: टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, किंवा थेट बांबोळीची मानसोपचार संस्था.

एप्रिलमध्ये तो एकदा घसरला. दोन हजार. त्याच रात्री बायकोला सांगितलं.

“आणि दुसऱ्या दिवशी? रिकव्हरी?”

“नाही मॅडम. बाबांबरोबर भट्टीवर होतो. हुर्राक काढायचा होता.”