लोनचा आकडा सगळ्यात शेवटी लिही

अगं, तुझा मेल वाचला. पुढच्या पाच वर्षांत वर्ल्ड बँकेने त्या देशाला किती कर्ज द्यायचं याचा पहिला ड्राफ्ट तुझ्याकडे आलाय आणि तू सुरुवात सेक्टरवाइज आकड्यांपासून करणारेस. नको करूस. आधी ज्या खात्याने हे पैसे खर्च करायचेत तिथे चार दिवस जाऊन बस, टेंडर कोण काढतं, जमिनीचं कोण बघतं, किती जागा रिकाम्या आहेत, अधिकाऱ्यांची बदली किती दिवसांनी होते, हे सगळं विचार. आकडा त्यातूनच येतो.

तू कुर्ल्यात वाढलीस म्हणून तिथलंच सांगते. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड ज्यात होता त्या एमयूटीपीला, म्हणजे मुंबईच्या रेल्वे-रस्ते सुधारणेच्या प्रोजेक्टला, वर्ल्ड बँकेने 2002 मध्ये मंजुरी दिली. लाखाच्या वर माणसं हलवायची होती, म्हणजे हा रस्त्याइतकाच पुनर्वसनाचा प्रोजेक्ट होता ना! दुकान कितीही मोठं असो, बदल्यात फुकट जास्तीत जास्त 225 चौरस फूटच, त्यात ज्याचा चांगला चालणारा धंदा आहे त्याचं काय होणार हे कागदावरच दिसायला हवं होतं. 2004 मध्ये कुर्ल्यातले दुकानदार थेट बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनलकडे, म्हणजे बँकेच्याच प्रोजेक्टबद्दलच्या तक्रारी तपासणाऱ्या समितीकडे, गेले आणि मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले, ते जूनअखेर परत सुरू झाले. रस्ता पूर्ण खुला व्हायला 2014 उजाडलं. पैसा होता गं, पण एवढ्या कुटुंबांशी बोलणारी, त्यांचे हिशोब ठेवणारी, तक्रारी ऐकणारी माणसं आणि पद्धत आधी उभी करायला हवी होती, आणि माझ्या मते टेक्निकल असिस्टन्सचं, म्हणजे खात्याला काम करायला तयार करणाऱ्या मदतीचं, खरं काम हेच आहे.

म्हणून टेक्निकल असिस्टन्स लोनच्या मागे शेपटीसारखं लावू नकोस, वर्षभर तरी आधी सुरू कर. तयारीसाठी लोन मंजूर व्हायच्या आधी अॅडव्हान्स मिळू शकतो, तो माग. आणि कन्सल्टंट येऊन जाडजूड रिपोर्ट देऊन गेला याला मी मदत मानतच नाही, प्रत्येक कन्सल्टंटसोबत खात्यातलाच माणूस बसला पाहिजे आणि काम शिकेपर्यंत त्याची बदली होणार नाही हे सरकारकडून लेखी घे. प्रोजेक्टसाठी वेगळं युनिट काढलंस तर प्रोजेक्ट संपल्यावर ती माणसं कुठे जाणार तेही आत्ताच ठरव.

पैशाचं थोडक्यात. आयबीआरडी, म्हणजे वर्ल्ड बँकेची नेहमीच्या दराने कर्ज देणारी शाखा, तिच्या लोनमध्ये सवलतीचा सुरुवातीचा काळ संपला की न उचललेल्या रकमेवरही वर्षाला 0.25 टक्के चार्ज लागतो, मग 10 कोटी डॉलर वर्षभर पडून राहिले तर अडीच लाख डॉलर नुसते गेले, त्यामुळे खात्याला पेलवेल तेवढंच आणि टप्प्याटप्प्यानेच ठेव. देश गरीब असेल तर आधी आयडीएचं, म्हणजे बँकेच्या गरीब देशांना स्वस्तात कर्ज देणाऱ्या शाखेचं बघ, कर्जात बुडायचा धोका जास्त असेल तर तिथे ग्रँटही मिळते. समज पाण्याचा प्रोजेक्ट असेल, तर बिलं लोक तिथल्या चलनात भरणार आणि हप्ता डॉलरमध्ये जाणार, मग चलन घसरलं तर फरक कोण सोसणार, नगरपालिका की केंद्र? आपल्याकडे 2005 पासून बहुतेक राज्यांना परदेशी कर्ज ज्या अटींवर येतं त्याच अटींवर दिलं जातं, म्हणजे तो धोका राज्याच्या डोक्यावर. तिथला नियम काय आहे ते अर्थखात्यात विचार आणि ड्राफ्टमध्ये सरळ लिही.

ड्राफ्ट झाला की पाठव. मी आधी पुनर्वसनाचा भाग वाचेन आणि मग देखभालीला दरवर्षी कुठल्या बजेटमधून पैसे येणार ते बघेन, तर ती दोन पानं कच्ची ठेवू नकोस.